देवांच्या खालची ओळ

त्या सकाळी मी कॉम्प्युटर लावला, माझी फाईल उघडली आणि आत सगळ्या मुंग्या.

मुंग्या म्हणजे माझीच अक्षरं. आदल्या दिवसापर्यंत ती अंगठ्याएवढी असायची, पिवळीधमक, काळ्या पाटीवर कोणीतरी खडूनं काढल्यासारखी. आता पांढऱ्याफटक जागेवर बारीक काळं काहीतरी सांडलेलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. नाक काचेला टेकेपर्यंत पुढे झालो. मग भिंग आणलं. भिंगातून एक काना दिसला. कुठल्या अक्षराचा, ते कळेना.

फाईल बंद करून परत उघडली. तेच. कॉम्प्युटर बंद करून परत लावला. तेच.

मी कोणाला हाक मारली नाही. मुलगा बोटीवर, महिनोन्महिने समुद्रात. सून ऑफिसला गेलेली. बायको आत मासे साफ करत होती, पण तिला त्या यंत्रातलं काही कळत नाही, आणि मलाही कळत नाही हे तिला कळू द्यायचं नव्हतं. बसून राहिलो. मध्येमध्ये उगाच एखादं बटण दाबत होतो, आत बायकोला काम चालल्यासारखं वाटावं म्हणून.

मी काय लिहीत होतो ते आधी सांगतो, नाहीतर एवढ्याशा गोष्टीचं हे काय घेऊन बसलाय म्हाताऱ्यानं, असं वाटेल.

आम्ही कोकणातले. आमच्याकडे पूजा असो, लग्न असो, नवी होडी पाण्यात टाकायची असो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक माणूस उभा राहून सगळ्या देवांना नावानं हाक मारतो, कशासाठी बोलावलं ते सांगतो आणि मागतो. बाकीचे प्रत्येक वाक्याला म्हणतात, "होय म्हाराजा!" आमच्या वाडीचं गाऱ्हाणं लांबलचक आहे. मोठ्या देवळातले देव तर आहेतच, पण पाणंदीतला, बांधावरचा, खाडीच्या तोंडावरचा, असे जागोजागचे राखणदारही त्यात आहेत. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. माझ्या वडिलांच्या तोंडात होती, मग माझ्या तोंडात आली. गावात ते घालणारा आता कोणी उरला नाही. इथं मालाडला शाळेचा हॉल घेऊन आमच्या वाडीची माणसं वर्षाची पूजा करतात, तिथं मी घालतो. माझ्यानंतर कोण, हे कोणी विचारत नाही. मी असताना विचारायची त्यांची हिंमत नाही.

गेल्या पूजेला मात्र मी अडकलो. पाणंदीतल्याचं नाव घेतलं आणि पुढचा कोण ते आठवेना. तसाच पुढे गेलो. लोकांनी "होय म्हाराजा" म्हटलं. प्रसादाच्या वेळी माझा एक सोबती, माझ्याच वयाचा, लहानपणापासून माझ्या मागे लागलेला, तो कानाशी आला.

"काय रे, आज एकाक उपाशी ठेवलंस मरे!"

"कोणाक?"

"माका काय ठावक? माझा काम 'होय' म्हणूचा. पण दरवर्षी पाणंदीनंतर मी आणखी एकदा 'होय' म्हणतंय, तो आज ऱ्हवलो."

घरी येताना रिक्षात ते नाव आठवलं. पण मी घाबरलो. आयुष्यात फार कमी वेळा घाबरलोय, ती एक वेळ.

म्हणाल, मग बोलून दाखव की कोणाला, मोबाईलवर रेकॉर्ड कर. त्या सोबत्यानंही तेच सांगितलं. पण आमच्या वडिलांनी मला गाऱ्हाणं दिलं तेव्हा एक अट घातली होती. "नाव घेतलं तर देव उठतलो. उठवलंस तर काय ता माग, नायतर उठवू नको." नारळ नाही, मागणं नाही, आणि नुसतं पाठांतर म्हणून ती नावं मोठ्यानं घ्यायची नाहीत. मला लहानपणी त्यांनी शिकवलं ते दुसऱ्यांच्या पूजांना मागे उभं करून. त्यामुळे बोलायचं नाही, लिहायचं. तेही मीच. दुसऱ्याच्या नजरेखाली गेलेलंही मला नको होतं.

आणि लिहिणार कसा? मी चौथीत शाळा सोडली. माझं वाचन झालं ते अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छापखान्यात, खिळे जुळवता जुळवता. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, उलटं लावायचं, की कागदावर सुलटं उमटतं. हातानं लिहायची सवय मला कधीच नव्हती. आता तर हात कापतो, माझं लिहिलेलं मलाच लागत नाही. त्यात डोळे. उजव्याचा पडदा गेलेला. डाव्याचा झिजत चाललेला. मालाडचा डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देतो आणि दर वेळी सांगतो, "आजोबा, गेलेलं परत येत नाही. आहे ते धरून ठेवायचं."

तेव्हा सूनच म्हणाली, "पप्पा, माझ्या कॉम्प्युटरवर लिहा ना. अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं."

ही घाटावरची पोरगी, वाढली घाटकोपरला. लग्नाच्या वेळी मी तिला नको म्हटलं होतं, ते तिला माहीत आहे, आणि मला माहीत आहे की तिला माहीत आहे. कॉम्प्युटर तिच्या कामाचा. दिवसा ऑफिसला जाते, उरलेलं काम रात्री ह्याच्यावर करते. तिचं सगळं बारीक अक्षरात, खिडकीत खिडकी उघडलेली. ती म्हणाली, "माझं आहे तसंच राहील. फक्त तुमच्या फाईलीपुरतं मोठं करते." मग तिनं एक साधा लिहायचा प्रोग्रॅम काढला, त्यात माझी फाईल केली आणि वर एक ओळ टाकली. इंग्रजी अक्षरं, मध्ये टिंबं, बरोबरच्या खुणा. ती ओळ त्या प्रोग्रॅमला सांगणार, की ही फाईल उघडलीस तर अक्षर एवढं मोठं, रंग पिवळा, मागे काळं, आणि ओळ काचेबाहेर पळू द्यायची नाही. दुसऱ्या फाईलींशी तिचा संबंध नाही. बटणांवर मराठी अक्षरांचे मोठे स्टिकर लावून दिले.

"एकच करा पप्पा, ह्या ओळीला हात लावू नका."

"नाही लावणार," मी म्हटलं.

आणि नाही लावला. शप्पथ.

पहिले काही दिवस काय सांगू! एकेक बटण शोधायचं, दाबायचं, की काळ्या पाटीवर पिवळंधमक अक्षर उभं. छापखान्यात खिळा खाचेत बसला की जसं बोटाला कळायचं, तसं काहीतरी. बायको येता-जाता बघायची. "काय हो, इंजिनेर झालात?" मी पुढचं बटण शोधायचो. दिवसाला दोन ओळी, कधी तीन. गाऱ्हाण्याचा मोठा भाग, मोठ्या देवांचा, उतरला. पाणंदीपर्यंत आलो. त्या दिवशी पाणंदीतला लिहिला आणि थांबलो, डोळा दुखायला लागला म्हणून. पुढचा, ज्याला मी उपाशी ठेवला होता, तो सकाळी ताज्या डोळ्यानं लिहायचा असं ठरवलं. नाव तेव्हा डोक्यात पक्कं होतं.

सकाळी मुंग्या.

सून संध्याकाळी घरी आली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, "गो बाय, तुझ्या सासऱ्याचा मशीन बिघाडला. दोन दिवस नुसते समोर बसान ऱ्हवतत, देवळातल्या नंदीसारखे."

सून म्हणाली, "मग सांगायचं ना पप्पा! बघू."

ती खुर्चीत बसली. आता माझी पंचाईत. फाईल उघडली तर नावं दिसणार. मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, मधोमध फाडलं. एक तुकडा काचेच्या वरच्या भागावर धरला, एक खाली. मध्ये फक्त तिची इंग्रजी ओळ उघडी.

"पप्पा, हे काय चाललंय?"

"तुझी ओळ दिसते ना? ती बघ."

"ओळ बरोबर आहे," ती म्हणाली. "एक अक्षर चुकलेलं नाही. मग मानत का नाही हा?"

तिनं दुसरी, कोरी फाईल केली. त्यात तीच ओळ उतरवली, बंद करून उघडली. झकास, पिवळं, मोठं. माझी उघडली. मुंग्या. मग म्हणाली, कधीकधी हा प्रोग्रॅम फाईलीतल्या हुकमांवर भरवसा ठेवत नाही, कोणी चोर काहीही लिहून ठेवेल म्हणून. त्याची कळ बंद असेल. ती कळ बघितली. चालू होती. प्रोग्रॅम काढून टाकला, नवा बसवला. मी दोन्ही हातांनी कॅलेंडर धरून उभा. कॅलेंडरवर छापलेला महिना हलत होता.

"तुम्ही काही बदललंत का?"

"तुझ्या ओळीला हात लावला नाही."

"तसं नाही म्हणत मी..."

"मग कसं म्हणतेस? मी खोटं बोलतो?"

मग तिनं वरच्या पट्टीतून अक्षर मोठं करून दिलं. ते मोठं झालं, पण मागची जागा पांढरीच. त्या उजेडानं डोळ्यात पाणी यायला लागलं. ओळी उजवीकडे काचेबाहेर निघून गेल्या. आणि फाईल बंद करून उघडली की परत होतं तसं. "रोज सकाळी मी जायच्या आधी करून देत जाईन," ती म्हणाली.

रोज सकाळी मी तिच्यापुढे उभा राहणार, माझं अक्षर मोठं कर म्हणून? "नको," मी म्हटलं. "तुला उशीर होतो."

"तुमका गावचो देव दिसता," बायको म्हणाली, "पण सुनेचो तरास दिसणा नाय. ह्यो कागद काढा नि दाखवा तिका काय ता."

"तू गप ऱ्हव."

पुढचे कितीतरी दिवस असेच गेले. रविवार आला की ती बसायची, मी कॅलेंडर धरायचो. ती कोणाकोणाला फोनवर विचारायची, ती माणसं इंग्रजीत काहीतरी सांगायची, ती करून बघायची, आणि शेवटी माझ्याकडे बघायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही. उरलेले दिवस मी बंद काचेसमोर बसून मनातल्या मनात नावं घोळवायचो, ओठ मिटून. मोठ्या देवळातले आले, मग बाकीचे, मग पाणंद. आणि एक दिवस पाणंदीच्या पुढे काहीच नव्हतं. थेट बांध. मी परत सुरुवातीपासून आलो. पाणंद, बांध. मधली जागा सपाट झाली होती.

घरी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? वडिलांना विचारायला जाऊ?

त्याच सुमारास मालाडला डॉक्टरकडे जायचं आलं. बरोबर सून आली. डॉक्टरनं डोळ्यात उजेड टाकला, बराच वेळ बघितलं, आणि ह्या वेळी माझ्याशी बोलायच्या ऐवजी तिच्याशी बोलला. मी शेजारी बसलेला असताना. मग दोघं बाहेर आलो, रिक्षा केली. कांदिवलीच्या घरापर्यंत खड्डे आणि सिग्नल. मी म्हटलं, "काय म्हणाला?"

"मधला भाग जातोय पप्पा. कडेचं दिसत राहील."

थोडं पुढे गेल्यावर ती एकदम म्हणाली, "ती ओळ आहे ना, माझी? ती वरून पहिलीच आहे ना?"

"तू ठेवलीस तिथंच आहे."

"म्हणजे पहिली."

"देवांच्या खाली."

"कुठल्या देवांच्या?"

मी तिला समजावलं. मला वाटलं होतं हे तिला माहीत असेल, लहान मुलालाही माहीत असतं. छापखान्यात मी आयुष्यभर लग्नपत्रिका जुळवल्या. सगळ्यात वर श्री. त्याच्या वर काही लावायचं नाही. लावलं तर गिऱ्हाईक पत्रिका तोंडावर फेकतं, बरोबरच आहे त्याचं. आता मी देवाचं लिहितोय आणि सगळ्यात वर ती टिंबाटिंबांची इंग्रजी ओळ. मला ते रोज टोचायचं. हात लावायचा नव्हता, म्हणून तिच्या वर जागा केली आणि श्री लिहिला. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी कुलदेवता. मग ग्रामदेवता. मग घराची जागा ज्याची, तो. सगळं व्यवस्थित चाललं होतं. आणि शेवटी वाटलं, ज्यांच्या तोंडून हे आलं त्यांना कसं विसरू? म्हणून देवांच्या खाली, तिच्या ओळीच्या वर, आईवडिलांची पुण्याई.

"कधी लिहिलंत ते? आईवडिलांचं?"

"पाणंदीतला लिहिला त्याच दिवशी."

"आणि दुसऱ्या दिवशी..." ती म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "पाच ओळी, पप्पा. हा प्रोग्रॅम वरच्या पाच ओळींतच बघतो, आपल्यासाठी काही निरोप आहे का. सहाव्या ओळीवर असेल तर ते तुमचं लिखाण समजतो. आईवडिलांनी माझी ओळ सहावी केली!" आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मी बाहेर बघायला लागलो.

"मला विचारायचं ना," मी म्हटलं.

"कॅलेंडर कोणी धरलं होतं?"

मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, ओळ उचलून वर ठेवते, एका मिनिटाचं काम. मी म्हटलं, नाही. श्रीच्या वर नाही. अक्षर नाही दिसलं तरी चालेल. बायकोनं डोक्याला हात लावला. सुनेनं वाद घातला नाही. थोडा विचार करून म्हणाली, "तो खालच्या पाच ओळींतही बघतो. शेवटी ठेवली तर? देवांच्या पायाशी?"

"पायाशी चालेल."

"पण मग पुढचं तिच्या वर लिहायचं. खाली लिहीत गेलात तर परत ती आत जाईल."

ह्या वेळी कॅलेंडर धरलं नाही. ती स्वतःच मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत, ओळ उचलून खाली घेऊन गेली. फाईल बंद केली, उघडली. काळी पाटी आली. पिवळा उजेड आला. मी पुढे झालो.

अक्षरं मोठी होती, ते कळत होतं. पण ज्याच्याकडे बघावं त्याचा मधला भाग नव्हता. श्रीकडे बघितलं तर वेलांटीचं टोक दिसलं आणि खाली थोडंसं. मान वाकडी केली की अक्षर यायचं, नीट बघायला गेलो की परत पुसलं जायचं. तिनं अजून मोठं केलं. भोकही तेवढंच मोठं झालं. एक अक्षर लावायला इतका वेळ गेला की आधीचं कुठलं ते विसरलो.

"दिसतंय?" तिनं विचारलं.

"झकास," मी म्हटलं.

ती बाजूला बसून राहिली. मी बटणांवर बोटं फिरवत होतो, दाबत नव्हतो. ते बघून म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगा, मी लिहिते."

मी अट सांगितली. नारळ लागतो, आणि मागणं लागतं. नारळ घरात होता. मागणं नव्हतं. गाऱ्हाणं घालणारा स्वतःसाठी मागत नाही, डोळा तर मुळीच मागणार नाही. मी एवढी वर्षं दुसऱ्यांच्या नोकऱ्या, पोरं, घरं मागितली.

"मग माझ्यासाठी मागा," ती म्हणाली. "माझं काम अडलंय ना. कधीपासून ही फाईल माझ्याच्यानं होत नाहीये."

बायको आतून नारळ घेऊन आली, कोणी न सांगता. कॉम्प्युटरच्या पुढ्यात ठेवला, शेंडी देवाकडे, म्हणजे काचेकडे. मी उभा राहिलो, टोपी घातली. सून बटणांवर हात ठेवून बसली. मी सुरू केलं. मोठ्या देवळातल्यांना बोलावलं. आवाज अजून आहे माझा. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बारीक केला. मग मागणं सांगितलं.

"हे देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुझ्याकडे हात जोडल्यान. तिच्या मशिनीत जी काय अडचण इली आसा, ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बायको म्हणाली. एकटीच. मग सूनही म्हणाली, तिच्या घाटावरच्या तोंडानं.

मग राखणदार घ्यायला लागलो. माझं लिहिलेलं ती ताडत येत होती, बोटं बटणांवर तयार. पाणंदीतला घेतला. "होय म्हाराजा." आणि पुढे मी थांबलो.

थांबूनच राहिलो. तिची बोटंही थांबली. मला वाटलं होतं, उभा राहिलो, टोपी घातली, नारळ समोर आहे, तर येईल. तोंडाला सवय असते, तोंड आपोआप घेईल. तोंड उघडं होतं. काही आलं नाही. नावाचं पहिलं अक्षरसुद्धा नाही. कुठं बसायचा तो, झाडाखाली की दगडावर, तेही नाही. त्या सकाळी मी हट्टानं एखाद्या कागदावर, कसंही वेडंवाकडं, तेवढं एक नाव काढून ठेवलं असतं तर... पण नाही काढलं.

"पप्पा?"

"एक ओळ सोड," मी म्हटलं.

तिनं सोडली. बायको त्या सोडलेल्या जागेवरही म्हणाली, "होय म्हाराजा." मग मी बांधावरचा घेतला, खाडीचा घेतला आणि शेवटपर्यंत गेलो.

आता फाईल पुरी आहे म्हणतात. वर देव, खाली तिची ओळ. उघडली की मोठ्या पिवळ्या अक्षरात उघडते, रोज, न चुकता. मला ती वाचता येत नाही. सून वाचून दाखवायला तयार आहे, पण नारळाशिवाय कशी वाचणार? येत्या पूजेला मालाडला मी उभा राहीन, ती मागे उभी राहून ऐकेल, आणि अडलो तर पुढचं सांगेल, असं ठरलं आहे. माझा सोबती काय बोलेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. बोलू दे.

हे जे आता तुम्ही वाचताय, तेही तिनंच उतरून घेतलं. शुद्धलेखन तिचं, हेका माझा. मध्येच मी तिला विचारलं, ती मोकळी ओळ अजून आहे ना?

"आहे."

"तिला हात लावू नकोस."

"नाही लावत," ती म्हणाली. "पण पप्पा, तुम्हीही आता शेवटच्या ओळीच्या खाली काही लिहू नका हां."

मी कसला लिहितोय. पण सकाळी ती गेली की मी फाईल उघडून बसतो. पिवळ्याच्या मध्ये एक काळी पट्टी असते, ती मोकळी ओळ असावी. की तिथंच माझा डोळा गेलेला आहे, ते मला सांगता येत नाही.